कायोटीच्या शिकारीतील लहान कॅलिबर रायफलींचा पल्ला

उत्तर अमेरिकेतील कायोटी (शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रन्स) या श्वानकुलातील प्राण्यावर .१७ ते .२२ कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) रायफलीने जास्तीत जास्त किती अंतरावरून बार टाकावा, याची शिकाऱ्यांनी व्यवहारात ठरवून घेतलेली मर्यादा. गोळी कुठवर पोचते, हा येथे प्रश्नच नसतो. .२२ लाँग रायफल (एलआर) काडतुसांच्या खोक्यावर सु. दीड मैल (२.४ किमी.) हा धोक्याचा पल्ला छापलेला आढळतो, तेच काडतूस कायोटीवर ५० यार्डांपलीकडे भरवशाचे मानत नाहीत. (अमेरिकेत ही अंतरे यार्डांत मोजतात; १ यार्ड = ०.९१ मी.)

मर्यादा एकच नसते, चार असतात : गोळीत उरलेला जोर, गोळीची घसरण (वाटेत खाली येणे), वाऱ्याने होणारी सरक आणि नेमबाजाचा स्वतःचा हात. यांतली जी सर्वांत आधी संपते तिथे पल्ला संपला. रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसांत बहुधा जोर आधी संपतो, सेंटरफायरमध्ये (बुडाच्या मध्यावर आघात होऊन पेटणाऱ्या, जास्त जोरदार काडतुसांत) वारा आणि हात. काडतुसांची तुलना करणारे तक्ते फक्त पहिल्या दोन गोष्टी सांगतात, म्हणून ते वाचून ठरवलेला पल्ला जवळजवळ नेहमीच जास्त निघतो.

सावज : पश्चिमेकडील प्रौढ कायोटी साधारण ९ ते १६ किग्रॅ. भरतो, पूर्वेकडचे काही २० किग्रॅ.च्या पुढे जातात. हिवाळ्यातला कायोटी दिसतो त्याहून बराच लहान असतो. पाठीवर आणि छातीखाली दाट केसांचा थर असतो, आणि रायफलीवरच्या दुर्बिणीत दिसणाऱ्या आकृतीच्या कडेचे काही सेंटिमीटर हे नुसते केसच असतात. केसांसह आकृतीचा मध्य धरून मारलेली गोळी म्हणूनच कधी पाठीवरून निसटते, तर कधी पोटात बसते. हृदय आणि फुप्फुसे मिळून होणारे वर्म व्यवहारात १० सेंमी. (४ इंच) व्यासाचे धरतात. आडव्या उभ्या (कूस आपल्याकडे असलेल्या) कायोटीवर नेम फऱ्याच्या (खांद्याच्या) लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या कडेला धरावा.

मराठीत कायोटीला सरसकट कोल्हा म्हटले जाते. आपल्याकडचा सोनेरी कोल्हा (कॅनिस ऑरियस) ही वेगळी जाती असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली तिची शिकार गुन्हा आहे. प्रस्तुत नोंद उत्तर अमेरिकेपुरतीच आहे.

रिमफायर काडतुसे : .२२ एलआरची ४० ग्रेनची (२.६ ग्रॅ.) गोळी नळीतून सेकंदाला सु. १,२३५ फूट वेगाने सुटते. त्या वेळी तिच्यात सु. १३५ फूट-पाउंड (१८५ ज्यूल) ऊर्जा असते. १०० यार्डांवर ९० च्या आसपास उरते. ५० यार्डांवर नेम जुळवलेली रायफल १०० यार्डांवर १५ ते १८ सेंमी. खाली मारते, म्हणजे वर्माच्या व्यासाहून जास्त. त्यात ही गोळी ५० ते १०० यार्डांच्या दरम्यान ध्वनीच्या वेगाखाली उतरते आणि तिथे तिची अचूकता ढळू शकते. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ आलेल्या कायोटीवर, ३०-४० यार्डांवरून, स्थिर उभा असताना डोक्यात किंवा फऱ्यामागे : एवढेच तिचे क्षेत्र. फऱ्याच्या हाडावर बसली तर ती आत पोचेलच असे नाही.

.२२ विंचेस्टर मॅग्नम (डब्ल्यूएमआर, १९५९) याच जाडीच्या गोळीला सु. १,९०० फूट वेग देते. नळीच्या तोंडाशी ३२० फूट-पाउंड, १०० यार्डांवर साधारण त्याच्या निम्मे. ७५ ते १०० यार्ड ही तिची रास्त मर्यादा.

सर्वांत जास्त गैरसमज आहेत ते २००२ मध्ये हॉर्नेडी या काडतूस-कंपनीने आणलेल्या .१७ एचएमआर काडतुसाबद्दल. १७ ग्रेनची (१.१ ग्रॅ.) गोळी २,५५० फूट वेगाने निघते, तिचा मार्ग सपाट असतो आणि १०० यार्डांवर छिद्राला छिद्र लागते. त्यामुळे १५०-२०० यार्डांचा मोह होतो. पण तिची १०० यार्डांवरची ऊर्जा १३६ फूट-पाउंड, म्हणजे .२२ एलआरची नळीच्या तोंडाशी असते तितकीच; २०० यार्डांवर ७२, म्हणजे .२२ एलआरच्या १०० यार्डांवरील ऊर्जेहूनही कमी. नेम लागतो, काम होत नाही. कायोटी चावल्यासारखा गर्रकन वळून स्वतःच्या बरगडीला तोंड घालतो आणि पळतो. बहुतेक वेळा गोळी बरगडीवर किंवा फऱ्यावर फुटून वरवरची रुंद, उथळ जखम झालेली असते. ह्या काडतुसाला १०० यार्ड पुरेत. वारा पडलेला, सावज आडवे आणि स्थिर असेल तर फार तर १२५.

रिमफायरमध्ये कायोटीसाठी खरोखर पुरेसे म्हणावे असे एकच : .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम (डब्ल्यूएसएम). २० ग्रेन, ३,००० फूट, ४०० फूट-पाउंड. २०० यार्डांवर सु. १९०. दीडशे यार्डांपर्यंत ते चालते. रायफली मात्र मोजक्याच बनावटीच्या मिळतात.

सेंटरफायर काडतुसे : .२२ हॉर्नेट (३५ ग्रेन, ३,१०० फूट) जुने आणि मवाळ आवाजाचे काडतूस आहे. त्याचा वेग झपाट्याने गळतो आणि पावणेदोनशे यार्डांच्या पुढे ते थकते. .१७ हॉर्नेट (२० ग्रेन, ३,६५० फूट) साधारण २०० यार्डांपर्यंत नेते.

पुढची तीन काडतुसे हा कायोटी-शिकारीचा मुख्य प्रवाह. .२०४ रुगर (२००४) ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फूट वेगाने फेकते. .२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेनची गोळी ३,२४० फुटांनी, तर .२२-२५० रेमिंग्टन (१९६५ मध्ये कारखानी काडतूस म्हणून आले) तेवढीच गोळी ३,६८० फुटांनी फेकते. तिन्ही २०० यार्डांवर जुळवली तर ३०० यार्डांवरची घसरण अनुक्रमे सु. १०, १८ आणि १३ सेंमी. येते. .२२३ ची ऊर्जा ३०० यार्डांवरही सु. ५७५ फूट-पाउंड असते, कायोटीला ती भरपूर झाली. म्हणजे येथे जोर हा अडथळा उरत नाही. .२०४ आणि .२२३ साठी ३०० यार्ड, .२२-२५० साठी ३५० ते ४०० यार्ड हे आकडे प्रचलित आहेत, पण ते पक्क्या टेकूवरून मारणाऱ्यासाठी. २०० वर जुळवलेली .२२-२५० ४०० यार्डांवर सु. ४० सेंमी. घसरते, ४०० चे अंतर नजरेने ३५० समजले तर गोळी १५ सेंमी. खाली जाते. लेसर अंतरमापकाशिवाय ३०० च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

वारा : ताशी १६ किमी. (१० मैल) आडव्या वाऱ्यात .१७ एचएमआरची गोळी १०० यार्डांवर सु. १० सेंमी. आणि २०० यार्डांवर सु. ५० सेंमी. सरकते. अंतर दुप्पट, सरक पाचपट. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर १० सेंमी., ३०० वर २३-२४ सेंमी. १० सेंमी. व्यासाच्या वर्माचा मध्य धरला तर चुकीला जागा दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटरच. वायोमिंग, मोंटॅना किंवा डकोटांच्या उघड्या गवताळ माळांवर ताशी १६ किमी.चा वारा ही शांत दुपार समजावी. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने जरी चुकला तरी .२२३ चा खरा पल्ला तिथे २०० यार्डांच्या आसपास येतो.

सरक वेगावर नव्हे, तर हवेत गमावलेल्या वेगावर अवलंबून असते. म्हणूनच जलद .२२ एलआर गोळी ध्वनीपेक्षा मंद असलेल्या त्याच वजनाच्या गोळीहून वाऱ्यात जास्त सरकते, हे नवख्याला पटत नाही. बोलावणीचा (शिकाऱ्याने सावजाला जवळ आणण्यासाठी काढलेला) आवाज ऐकून येणारा कायोटी बहुधा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा वाहत जातो त्या बाजूला) जातो, वास घ्यायला. त्यामुळे पुष्कळ बार वाऱ्याच्या दिशेतच पडतात आणि आडवी सरक कमी होते. पठाराच्या पलीकडच्या कडेला थबकलेल्या कायोटीवर टाकलेल्या लांब बाराला ती सवलत नसते.

हात : मांडी घालून, दोन काठ्यांच्या टेकूवरून बऱ्यापैकी नेमबाजाचा विखुरा (गोळ्या जेवढ्या जागेत पसरतात ती रुंदी) दोन ते तीन मिनिट कोनाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) असतो. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर सु. २.७ सेंमी. तेव्हा अडीच मिनिटांचा विखुरा १५० यार्डांवरच १० सेंमी. होतो, वर्म भरून गेले. बाकावरून, वाळूच्या पिशवीवर अर्ध्या मिनिट कोनात मारणारी रायफल ही रायफलीची गुणवत्ता झाली. स्वतःचा पल्ला शोधायचा तर १० सेंमी.ची ताटली निशाण म्हणून लावावी, शिकारीत बसतो तसेच बसावे, थंड नळीने प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या, वेगवेगळ्या दिवशी. नऊ लागतात ते शेवटचे अंतर आपले.

चालत्या सावजाचे गणित वेगळे. .२२ एलआरला १०० यार्ड गाठायला सु. ०.२७ सेकंद लागतो. तेवढ्यात रमतगमत चालणारा कायोटीही ३५ सेंमी. पुढे जातो. शिकारी तोंडाने 'वुफ्' असा भुंकण्याचा आवाज काढून त्याला थांबवतात. तो दोन-तीन सेकंद थांबतो. नेम आधी धरलेला नसेल तर हा आवाज काढू नये.

गोळीची बांधणी : प्लॅस्टिकच्या टोकाची, पातळ आवरणाची गोळी छातीत फुटते आणि बाहेर पडत नाही, कातड्याला एकच बारीक भोक राहते, म्हणून फरसाठी (केसाळ कातड्यासाठी) शिकार करणारे तिला पसंत करतात. तीच हाडावर बसली तर वरच्या वर फुटते, विशेषतः .२०४ ची ३२ ग्रेनची, जवळून, पूर्ण वेगात. अंतर कमी असले की काम सोपे, हा समज येथे चुकतो. ४० ग्रेनची गोळी घेतली की हा दोष बराच कमी होतो. पूर्ण तांब्याच्या आवरणाची लष्करी पद्धतीची गोळी उलट सुईसारखी आरपार जाते आणि कायोटी अर्धा मैल पळून मरतो. गोळी आत राहिली तर रक्ताचा मागही मिळत नाही, जे सांडते ते केस शोषून घेतात. बार पडला ती जागा, तिच्या शेजारचे झुडूप किंवा दगड, उठण्यापूर्वी लक्षात ठेवावा.

नळीतील चऱ्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) पीळही पल्ला ठरवतो. १२ इंचांत एक फेरा असलेली .२२३ ची नळी ५५ ग्रेनपर्यंत ठीक. वाऱ्यासाठी ६९ ते ७७ ग्रेनची लांब गोळी हवी तर ८ किंवा ७ इंचांचा पीळ लागतो. जुन्या .२२-२५० रायफलींचा पीळ १४ इंचांचा असतो, त्यांत लांब गोळी डगमगते आणि कागदावर आडवे भोक पाडते.

नेम जुळवणे : .२२ एलआर ५० यार्डांवर, .१७ एचएमआर १०० वर, .२२३ आणि तिच्या वरची २०० वर जुळवतात. २०० चे मैदान नसेल तर .२२३ ची गोळी १०० यार्डांवर साडेतीन सेंमी. वर बसेल असे करावे आणि संधी मिळताच २०० वर पडताळावे. दुर्बिणीचा मध्य नळीच्या सु. ४ सेंमी. वर असल्याने १५-२० यार्डांवर गोळी नेमाखाली एक-दोन सेंमी. लागते. डोक्यावर नेम असेल तर हे विसरून चालत नाही. रिमफायरमध्ये काडतुसांचा लॉट बदलला की नेम पुन्हा तपासावा. उणे २० अंश सेल्सिअसला बोल्टमधले तेल घट्ट होऊन घोड्याचा आघात मंदावतो आणि .२२ चे काडतूस पेटतच नाही. हिवाळ्यापूर्वी तेल पुसून बोल्ट जवळजवळ कोरडा ठेवतात.

निर्बंध : नियम राज्यागणिक बदलतात. अनेक राज्यांत कायोटीला बंद हंगाम नाही, मात्र रात्रीच्या शिकारीत किंवा हरणांच्या हंगामात सेंटरफायर रायफलीवर काही ठिकाणी मर्यादा असतात, आणि मग पल्ला आपोआप रिमफायरचा होतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिसेविरहित गोळी सक्तीची आहे. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच आकाराच्या .२२ एलआर गोळीचे वजन घटते, ती लवकर मंदावते, आणि पन्नास यार्डांची मर्यादा आणखी आत येते.