'भाषा तपासून घ्या' या शेऱ्यामागचा इतिहास

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या संशोधक विद्यार्थ्याचा मसुदा परत येतो तेव्हा त्यावर बहुतेकदा एवढंच लिहिलेलं असतं: 'भाषा तपासून घ्या.' विद्यार्थी आर्टिकल (a, an, the) आणि क्रियापदांचे काळ सुधारून देतो. दुसऱ्या खेपेला शेरा येतो, 'मुद्दा कळत नाही.' खरी अडचण मांडणीत असते, हे ओळखायला भाषाशिक्षकांनाही काही दशकं लागली.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९४१ साली चार्ल्स फ्राइज यांच्या पुढाकाराने परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्लिश लँग्वेज इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथला भर बोलण्यावर, वाक्यांचे साचे घोटून घेण्यावर होता. लेखन म्हणजे त्याच साच्यांची उजळणी. १९६६ मध्ये भाषाअभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध तपासून दाखवलं की वाक्यं शुद्ध असली तरी परिच्छेद इंग्रजी वाचकाला भरकटलेला वाटू शकतो. त्यांनी इंग्रजी परिच्छेदासाठी सरळ रेघ आणि इतर भाषागटांसाठी नागमोडी, गोलाकार रेघा काढल्या. ही चित्रं फार भाबडी होती. अनेक भाषा एकाच गटात कोंबल्या होत्या, आणि दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या निबंधावरून कुणाची विचारपद्धती ठरवणं चूकच. तरीही वाक्याच्या पलीकडे पाहायची सवय तिथून लागली.

पुढचं मोठं पाऊल शैक्षणिक लेखनाचे अभ्यासक जॉन स्वेल्स यांचं. १९८१ मध्ये त्यांनी ४८ शोधलेखांच्या प्रस्तावना तपासल्या आणि लेखक एका ठरावीक क्रमाने चाली खेळतात, म्हणजे मांडणीचे ठरलेले टप्पे घेतात, असं दाखवलं. सुरुवातीला त्यांनी चार चाली मानल्या होत्या. पण आधीच्या संशोधनाचे संदर्भ प्रस्तावनेत कुठेही येऊ शकतात, त्यामुळे पहिल्या दोन वेगळ्या काढणं अवघड जाई. १९९० मध्ये त्यांनी तीनच ठेवल्या: विषय महत्त्वाचा का ते सांगणं, त्यात काय राहून गेलंय ते दाखवणं, आणि आपला लेख ती उणीव कशी भरतो ते मांडणं.

विद्यार्थी अडतो तो दुसऱ्या चालीवर. तो दहा अभ्यासांची नावं एकामागून एक लिहितो आणि थेट 'या लेखात आम्ही…' वर उडी मारतो. मधलं 'मात्र' गायब असतं. 'मात्र हे सर्व अभ्यास प्रयोगशाळेतले आहेत. प्रत्यक्ष वापरात काय घडतं ते तपासलेलं नाही' एवढं एक वाक्य घातलं की आधीची दहा नावं कशासाठी आली ते वाचकाला कळतं. हे व्याकरण तपासून कधीच सापडलं नसतं.

स्वेल्स आणि क्रिस्टीन फीक यांचं पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं पाठ्यपुस्तक १९९४ मध्ये आलं. तक्त्यावर भाष्य कसं करावं याचा त्यातला पाठ आजही तितकाच उपयोगी आहे: माहिती कुठे आहे ते सांगा, तिच्यातलं ठळक काय ते दाखवा, मग त्याचा अर्थ लावा. तक्त्यातला प्रत्येक आकडा शब्दांत परत लिहिणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती होते कारण काय वगळायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं.

शब्दसंग्रहाचं काम वेगळ्या वाटेने झालं. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी काढली. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द तिच्यात सापडतात. पण नुसती यादी पाठ केली तर 'रिसर्च'सोबत 'मेक' येतं की 'कंडक्ट' ते कळत नाही. त्यावर टिम जॉन्स यांची पद्धत कामी येते: खऱ्या लेखांतून त्या शब्दाच्या वीसेक ओळी एकाखाली एक लावायच्या आणि शेजारी काय येतं ते विद्यार्थ्यालाच शोधू द्यायचं.

मग व्याकरणाच्या लाल खुणांचं काय? जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये त्या थांबवाव्यात असंच लिहिलं. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं. फेरिस यांनी केलेला फरक तपासणाऱ्याने जवळ ठेवावा असा आहे. आर्टिकल, कर्ता-क्रियापदाचा मेळ अशा चुकांना नियम असतो. तिथे खूण करावी, नियम दाखवावा आणि दुरुस्ती विद्यार्थ्यावर सोपवावी. शब्दाची निवड किंवा मोडलेली वाक्यरचना यांना तसा नियम नाही. तिथे नुसती खूण केली तर विद्यार्थी तासभर कोड्यात पडतो. त्यापेक्षा योग्य शब्द सरळ लिहून द्यावा.