संगणक लॉक होताच स्क्रीन बंद होणे

संगणक लॉक केल्याबरोबर, किंवा त्यानंतर काही सेकंदांत, मॉनिटर आपोआप काळा होऊन वीजबचतीच्या अवस्थेत जाण्याची सोय. लॉक करणे हे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम, तर स्क्रीन बंद करणे हा ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांच्यातला व्यवहार. या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्यांची सांगड मुद्दाम घालावी लागते. बहुतेक तक्रारींचे मूळ याच सांध्यात असते.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या आयटी ऑफिसांत चहाला उठताना विंडोज आणि एल ही बटणे दाबणे हाताच्या सवयीचे असते. जो विसरतो, त्याच्या मेलवरून सगळ्या टीमला पार्टीचे आमंत्रण जाण्याची शक्यता असते. मात्र ही बटणे दाबल्यावर स्क्रीन लगेच बंद होत नाही. डोंगर-समुद्राचे चित्र आणि घड्याळ येते, आणि मूळ सेटिंगनुसार ६० सेकंदांनी मॉनिटर झोपतो. ही मुदत बदलता येते, पण पॉवर ऑप्शन्सच्या यादीत ती दिसतच नाही. पॉवरसीएफजी या आज्ञेने ‘व्हिडिओकॉनलॉक’ हे मूल्य बदलावे लागते, तेही चार्जर जोडलेला असताना एक आणि बॅटरीवर दुसरे. रोजच्या वापरातली सेटिंग इतकी दडवून ठेवण्यात काय साधले, हे कळणे अवघड आहे. कंपनीच्या पॉलिसीने सेटिंग्ज गोठवलेली असली तर तोही मार्ग खुंटतो.

मॉनिटरला झोपवण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे डीपीएमएस. व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये ती आणली. जुन्या जोडणीत ग्राफिक्स कार्डाकडून आडवे आणि उभे असे दोन सिंक संकेत, म्हणजे चित्राची प्रत्येक ओळ आणि प्रत्येक चौकट कधी सुरू होते ते सांगणारे संकेत, सतत जात असत. आडवा थांबला की स्टँडबाय, उभा थांबला की सस्पेंड आणि दोन्ही थांबले की ऑफ. त्याआधीचे स्क्रीनसेव्हर काचेवर चित्राचा डाग पडू नये म्हणून होते. वीज वाचवणे हा त्यांचा हेतू नव्हता. आजच्या एलसीडीवर नुसते काळे चित्र दाखवले तरी मागचा दिवा जळतच राहतो. सदाशिव पेठेतल्या वन आरकेमध्ये, जिथे कामाचे टेबल आणि झोपायची गादी एकाच खोलीत असते, तिथे हा राखाडी उजेड रात्री चांगलाच जाणवतो. २० वॅटचा मॉनिटर १४ तास असाच राहिला तर ०.२८ युनिट वीज जाते. झोपलेल्या मॉनिटरला अर्धा वॅटही पुरतो.

लिनक्सवर, स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स प्रणालीत, ‘एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ’ ही आज्ञा स्क्रीन तत्काळ बंद करते. ती लॉकच्या शॉर्टकटला जोडली की एक गंमत होते: स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लगेच पुन्हा उजळते. कारण आज्ञा चालते तेव्हा बोट अजून बटणावरच असते. बटण सुटल्याची नोंद झाली की प्रणालीला वाटते, माणूस परत आला. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी ‘स्लीप १’ लिहून सेकंदभर थांबतात. ऑप्टिकल माऊस चकचकीत टेबलावर असेल तर तो जागचा न हलताही पॉइंटर थरथरतो आणि तेवढ्यानेही मॉनिटर जागा होतो.

सुरक्षेच्या दृष्टीने काळी स्क्रीन फसवी ठरू शकते, कारण ती लॉक असेलच असे नाही. एक्स प्रणालीत लॉक दाखवणारा प्रोग्रॅम कोसळला, तर खालचे काम उघडे पडते. एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या प्रणालीतील एक्स्ट-सेशन-लॉक या प्रोटोकॉलने ही फट बुजवली: लॉकचा प्रोग्रॅम मेला तरी सत्र बंदच राहते. लॉक होऊन उजळ राहिलेल्या स्क्रीनवर मात्र आलेल्या मेसेजचा मजकूर दिसू शकतो. ओटीपी असा वाचला जाऊ नये म्हणून लॉक स्क्रीनवरच्या सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात.

दोन मॉनिटर वापरणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. डिस्प्लेपोर्ट या प्रकारच्या केबलने जोडलेले काही मॉनिटर झोपले की संगणकाला ते काढून टाकल्यासारखेच वाटतात, आणि सगळ्या खिडक्या एकाच स्क्रीनवर गोळा होतात. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय डिस्प्ले सेटिंग्जमध्ये आहे. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत डीप स्लीप, म्हणजे गाढ झोपेची अवस्था, बंद करण्याची सोय असते. तिने हा त्रास बहुधा थांबतो, पण झोपेतली वीज थोडी वाढते.