ऑस्करच्या आधीची चाळणी

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या भारतीय चित्रपटाला ऑस्करचं एकही नामांकन नाही, हे २३ जानेवारी २०२५ ला जाहीर झालं. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागापुरता मात्र हा निकाल चार महिने आधीच, २३ सप्टेंबर २०२४ ला, भारतीय निवड समितीने दुसरा चित्रपट निवडून लावून टाकला होता. भारतीय चित्रपटांच्या बाबतीत ‘ऑस्करने डावललं’ ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या पत्त्यावर जाते. गळती बहुधा घरातच झालेली असते.

कारण या विभागाचा मूळ नियम: एका देशाचा एकच चित्रपट. १९५६ च्या चित्रपटांपासून हा विभाग स्पर्धेचा झाला, त्याआधी नुसता मानाचा पुरस्कार दिला जाई. ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’ या तिघांपुढे भारताची नामांकनं गेलेली नाहीत. ‘पथेर पांचाली’ तर भारताची अधिकृत प्रवेशिका कधी झालाच नाही. मराठीतून ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५) गेले. ‘श्वास’च्या प्रचारखर्चाला सामान्य प्रेक्षकांनीही वर्गणी दिली होती. व्हेनिसमध्ये नावाजलेला ‘कोर्ट’ही पहिल्या चाळणीतून पुढे सरकला नाही, तेव्हा महोत्सवातल्या पुरस्काराने काम भागतं असं समजायचं कारण नाही.

घरच्या निवडीवरचे अलीकडचे वाद सुरू होतात २०१३ पासून. त्या वर्षी मुंबईच्या डबेवाल्यांची पार्श्वभूमी असलेला ‘द लंचबॉक्स’ मागे ठेवून गुजराती ‘द गुड रोड’ पाठवला गेला आणि तो नामांकनांआधीच्या निवडक यादीत आला नाही. २०२२ मध्ये ‘आरआरआर’ऐवजी ‘छेल्लो शो’ गेला तेव्हाही ओरड झाली. पण तो या यादीतल्या १५ चित्रपटांत आला, त्यामुळे समितीला सरसकट झोडपणं बरोबर नाही. ‘आरआरआर’ने दुसरी वाट धरली: अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागून दिग्दर्शन, पटकथा, गाणं अशा सर्वसाधारण विभागांत उतरायचं. त्या वाटेने ‘नाटू नाटू’ थेट पुरस्कारापर्यंत पोहोचलं.

आता २०२४. मे महिन्यात ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दुसऱ्या क्रमांकाचा मान, ग्राँ प्री, मिळवला. तीस वर्षांनी भारतीय चित्रपट तिथल्या मुख्य स्पर्धेत होता. पण प्रवेशिकेसाठी कानचा मान पुरत नाही. त्या वर्षीच्या नियमानुसार १ नोव्हेंबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात चित्रपट अमेरिकेबाहेरच्या एखाद्या देशात सलग सात दिवस तिकीट लावून चालवणं आवश्यक होतं. देशभरातलं प्रदर्शन ठरलं होतं नोव्हेंबरात, म्हणजे मुदतीनंतर. म्हणून २१ सप्टेंबरला तो मोजक्या पडद्यांवर, फक्त केरळमध्ये, मल्याळम नावाने लावला गेला. तिसऱ्याच दिवशी समितीने २९ चित्रपटांतून ‘लापता लेडीज’ निवडल्याचं जाहीर केलं.

समितीत १३ जण होते आणि तेराही पुरुष. निवडपत्राची सुरुवात भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं अजब मिश्रण, अशा आशयाच्या वाक्याने झाली. स्त्रियांवरचा चित्रपट निवडताना असं लिहायला वेगळीच प्रतिभा लागते. पण खरा गुंता पुढे झाला. समिती नेमणाऱ्या फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया या महासंघाच्या वतीने सांगितलं गेलं की, समितीला ‘ऑल वी इमॅजिन’ हा भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला.

हा आक्षेप नीट उलगडून पाहायला हवा. चित्रपटात फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटलीचा पैसा किंवा सहभाग आहे. नियम मात्र पैसा कुठून आला हे विचारत नाही. चित्रपटावरचं सर्जनशील नियंत्रण मुख्यतः पाठवणाऱ्या देशाच्या नागरिकांच्या वा रहिवाशांच्या हाती होतं का, आणि निम्म्याहून अधिक संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत आहेत का, हे तो विचारतो. लेखन-दिग्दर्शन भारतीय, प्रमुख कलाकार भारतीय, संवाद मल्याळम, हिंदी आणि मराठीत. रुग्णालयात स्वयंपाक करणाऱ्या पार्वतीचा नवरा गिरणीकामगार होता. तो गेल्यावर घराची कागदपत्रं हाती नाहीत म्हणून बिल्डरपुढे तिचं काही चालत नाही आणि ती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. यात युरोप नेमका कुठे आहे? दृश्यांच्या संथ लयीत असेल, तर तो अभिरुचीचा प्रश्न झाला. अभिरुचीवर निवड करायला समिती मोकळी होतीच, मग राष्ट्रीयत्व मध्ये आणायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे पार्वती आणि ‘लापता लेडीज’मधली स्टेशनावर टपरी चालवणारी मंजूमाई या दोन्ही भूमिका एकाच मराठी अभिनेत्रीने केल्या आहेत. दोन्हीकडे ती सहायक भूमिकेत आहे. ऑस्करची अभिनयाची नामांकनं ते देणाऱ्या अकादमीचे फक्त अभिनेते-सदस्य ठरवतात. प्रत्येक जण पसंतीक्रमाने पाच नावं लिहितो आणि मोजणीत पहिल्या पसंतीला वजन असतं. ‘बरी वाटली’ म्हणणारे हजार असून उपयोग नाही, आधी थोड्यांनी तरी तिला अव्वल ठरवावं लागतं. त्यासाठी आधी चित्रपट पाहिला जायला हवा, आणि छोट्या चित्रपटाचं घोडं तिथेच पेंड खातं.

फ्रान्सनेही ‘ऑल वी इमॅजिन’ला अंतिम चारांत घेतलं होतं, पण पाठवला ‘एमिलिया पेरेझ’. त्याला पुढे १३ नामांकनं मिळाली, म्हणजे त्यांचा हिशेब चुकला म्हणता येत नाही. असा हा चित्रपट दोन्ही घरचा पाहुणा राहिला. १५ नोव्हेंबरला तो अमेरिकेत लागला, सर्वसाधारण विभागांसाठी पात्र ठरला, गोल्डन ग्लोबची दोन नामांकनं (दिग्दर्शनाचं त्यात एक) मिळवली. तिथे देशाने पाठवायची अट नसते. ऑस्करच्या दिग्दर्शन किंवा पटकथा विभागात मात्र हॉलिवूडच्या मोठ्या प्रचारयंत्रणांशी सामना असतो. हक्काचा दरवाजा बंद झाल्यावर एवढंच हाती राहिलं.

‘लापता लेडीज’चं काय झालं, हेही सांगायला हवं. निवड जाहीर झाल्यापासून १५ चित्रपटांची यादी येईपर्यंत, म्हणजे १७ डिसेंबरपर्यंत, जेमतेम बारा आठवडे मिळतात. त्यातही प्राथमिक मतदान ९ ते १३ डिसेंबरला होतं. एवढ्यात अमेरिकेत प्रसिद्धी सांभाळणारी माणसं नेमायची, सदस्यांसाठी खेळ लावायचे, कलाकारांना तिकडे न्यायचं. कानपासून चर्चेत असलेल्या चित्रपटांनी हे सगळं उन्हाळ्यातच सुरू केलेलं असतं. या चित्रपटाचं नाव परदेशी मतदारांसाठी ‘लॉस्ट लेडीज’ केलं गेलं तेच नोव्हेंबरात. तो यादीत आला नाही. आला तो ‘संतोष’, उत्तर भारतातल्या महिला पोलिसाची हिंदी कथा, आणि तोही ब्रिटनच्या नावावर.

पुढच्याच वर्षी फ्रान्सने इराणमध्ये चोरून चित्रित केलेला, फारसी भाषेतला ‘इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट’ आपला म्हणून पाठवला आणि त्याला नामांकन मिळालं. भारताने ‘होमबाउंड’ पाठवला, कानहून आलेला आणि नामवंत परदेशी कार्यकारी निर्माता पाठीशी असलेला. तो पहिल्या १५ त आला, पाचांत नाही. त्या वर्षीपासून अंतिम मतदान करणाऱ्याने त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत अशी अट आली. ती लागू होते देशांनी आपापले चित्रपट निवडून पाठवल्यानंतर.