फॅनी ब्रॉन खरंच निष्ठुर होती का?

इंग्रज कवी जॉन कीट्सनं आपली वाग्दत्त वधू फॅनी ब्रॉनला लिहिलेली प्रेमपत्रं वाचून अनेकांचं मत होतं: फॅनी उथळ होती, तिनं आजारी कवीला झुरवलं. हा समज चुकीचा आहे, आणि तो पसरण्याचं कारण साधं आहे. आपण एकाच बाजूची पत्रं वाचतो.

1878 मध्ये कीट्सची ही पत्रं छापली गेली. त्यात क्षयानं खंगलेल्या, मत्सरानं पोळलेल्या माणसाचे आरोप आहेत. फॅनीनं त्याला लिहिलेलं एकही पत्र आज उपलब्ध नाही. रोममध्ये आलेली तिची शेवटची पत्रं उघडायचंही बळ त्याच्यात नव्हतं; त्याच्याच इच्छेनुसार ती न फोडता त्याच्यासोबत पुरली गेली. म्हणजे आरोपी गैरहजर आणि निकाल तयार!

चित्र पालटलं ते 1930च्या दशकात. तिनं कीट्सच्या बहिणीला लिहिलेली पत्रं प्रसिद्ध झाली. त्यांत समंजस, वाचनवेडी आणि मनापासून दुःखात बुडालेली मुलगी दिसते. कीट्स 1821 मध्ये गेला. तिनं लग्न केलं 1833 मध्ये. त्याची पत्रं तिनं मरेपर्यंत जपली. ती विकली तिच्या मुलानं, 1885च्या लिलावात.