खुलासा: अल्सासमध्ये जर्मन आलं की भागतं?

अल्सास म्हणजे फ्रान्सचा जर्मनीला लागून असलेला पूर्वेकडचा प्रांत. तिथल्या स्ट्रासबूर्ग-कोलमार या शहरांची सहल ठरवताना कुणीतरी सांगतंच: "अहो, ते जर्मनच. तिथे सगळे जर्मन बोलतात." असं नाही. अल्सासी बोली जर्मन कुळातली, जुन्या स्ट्रासबूर्गात गल्लीच्या पाटीवर फ्रेंच नावाखाली अल्सासी नावही दिसतं. पण ती बोली आता मुख्यतः वयस्कांच्या तोंडी उरलीय. दुकानात, बसमध्ये फ्रेंचच चालतं. स्ट्रासबूर्ग १६८१ मध्ये फ्रान्सकडे आलं. त्यानंतर १८७१ ते १९१८ आणि दुसऱ्या महायुद्धातला नाझी ताबा, एवढाच काळ तिथे जर्मन अंमल होता. त्या ताब्यात फ्रेंच बोलायलाही बंदी होती, म्हणून तिथल्या थोरांना "तुम्ही जर्मन ना?" असं कृपया विचारू नका.

जर्मन काळाचा वारसा सुट्ट्यांमध्ये मात्र जाणवतो. २६ डिसेंबर आणि बऱ्याच गावांत गुड फ्रायडेलाही सुट्टी असते, फ्रान्सच्या बहुतेक भागात नसते. मुलं बरोबर असतील तर किराणा आदल्या दिवशीच भरा.

शाकाहारी असाल तर फ्लामकुश मागताना "सां लार्दों" (मांसाचे तुकडे न घालता) म्हणा. पातळ पोळीवर क्रीम, कांदा आणि एरवी डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. जर्मनीतलं केल हे गावही बघायचं असेल, तर स्ट्रासबूर्गहून ट्राम थेट ऱ्हाईनपार जाते.