पन्नासचा पिस्टन टाकला म्हणून गाडी पळत नाही

मारुती जिप्सीचं इंजिन उघडलं की गॅरेजमधला पहिला प्रश्न ठरलेला, कितीचे टाकायचे? पंचवीस, पन्नास का थेट शंभर, म्हणजे स्टँडर्डपेक्षा ०.२५, ०.५० किंवा १ मिमी मोठे पिस्टन. आणि रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटार रॅली बघत मोठी झालेली आमची नाशिकची पोरं बहुतेक वेळा मोठाच आकडा सांगतात, कारण बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या भोकाचा व्यास, मोठा म्हणजे पॉवर जास्त हे डोक्यात पक्कं बसलेलं.

जरा हिशोब करू. जिप्सीच्या १.३ इंजिनचा बोअर ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५, चार सिलिंडर, झाले १२९८ सीसी. पन्नासचे टाकले की १३१६. वाढले १८ सीसी, दीड टक्काही नाही! आणि नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर, तिथे हवाच ५-६ टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनला हातही न लावता गाडी कसारा घाट उतरवून मुंबईला नेली तर पन्नासच्या सेटपेक्षा जास्त ताकद मिळते. हसू नका, खरंय.

मग ओव्हरसाईझ कशाला? झिजलेलं भोक कापून परत गोल करायला, यालाच बोरिंग म्हणतात. पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो तिथे क्षणभर थांबतो, ऑइलची फिल्म तुटते, आणि नेमकं त्याच वेळी स्फोटाचं प्रेशर पिस्टनवरच्या रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतं. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूला जास्त खातो, खाली जवळजवळ नवा राहतो. वरच्या काठाजवळ नख फिरवलं तर पायरी लागते ती हीच. त्यात कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन एका बाजूला रेटला जातो, मग गोल भोक अंड्यासारखं होतं.

नाशिकच्याच अंबडला आमचे बोरिंगवाले काका आहेत, त्यांना म्हटलं काका, पंचवीसमध्ये बसवा ना, तर म्हणाले, "आधी मोजू तर दे." व्यास मोजणारा बोअर गेज घातला, वर-मध्ये-खाली आणि प्रत्येक ठिकाणी उभं-आडवं, तीन नंबरच्या सिलिंडरला वर ०.१५ झीज. मी खूश, ०.२५ मध्ये ०.१५ आरामात बसतं की! तर काकांनी मूळ केंद्र धरून डायलची सुई भिंतीवरून फिरवून दाखवली, झीज सगळी एकाच बाजूला. बोअर मूळ केंद्रावरच करावा लागतो, कारण खाली क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आपली जागा सोडत नाही, म्हणजे त्या बाजूचं ०.१५ साफ करायला व्यासात ०.३० काढावे लागणार. पंचवीस गेला, पन्नास आला. शंभर मात्र काकांनी उडवून लावला, लायनरची (सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळीची) भिंत उगाच पातळ होते आणि पुढच्या वेळी काढायला काही उरत नाही.

आता पिस्टन. कास्ट (ओतीव) घ्यायचा का फोर्ज्ड (दाबून घडवलेला)? फोर्ज्डमध्ये ॲल्युमिनियमचे दोन अलॉय (मिश्रधातू) जास्त चालतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये जवळपास १२ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो कमी फुगतो आणि थंडीत आवाज कमी करतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावालाच, तो जास्त फुगतो पण मार खाऊनही चटकन तडकत नाही, म्हणून टर्बोवाले तोच घेतात. किती फुगतो? ७४ मिमीचा २६१८ पिस्टन १०० अंशांनी तापला की ०.१६ मिमी वाढतो, कास्ट आयर्नचा लायनर तेवढाच तापला तर ०.०८. उरलेली तफावत केसाएवढी, पण ती जागा थंड असतानाच सोडावी लागते.

हे मी पैसे घालवून शिकलोय. पहिल्या वेळी ब्लॉक (सिलिंडर असलेलं इंजिनचं धड) आधी बोअर करून घेतला, फोर्ज्ड सेट नंतर आला, आणि "आता परत कुठे ब्लॉक नेतोस" असं स्वतःलाच समजावून ०.०३ च्या क्लीअरन्सवर (पिस्टन आणि भिंतीतली मोकळी जागा) तसाच बसवला. घाटात चढावर गाडी घट्ट झाली, मग बंद. खोलली तर स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या बाजूवर, उभे ओरखडे, दोन पिस्टन भंगारात. चूक माझीच. तेव्हापासून पिस्टन आधी हातात, मायक्रोमीटरने स्कर्टवर, पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणारी खीळ) काटकोनात आणि कंपनीने सांगितलेल्या उंचीवर मोजायचा, मगच बोरिंग.

बरं, पॉवर हवीच असेल तर बोअरपेक्षा पिस्टनचं डोकं बघा. कम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) ९ धरलं तर स्टँडर्डला वर उरलेली जागा साधारण ४०.६ सीसी. पन्नासने ते जेमतेम ९.१ होतं, पण डोक्यावर ४ सीसीचा घुमट, चहाच्या चमच्याहून कमी, आला की थेट १० च्या आसपास जातं. मग नॉकिंग (इंधन आपोआप पेटून होणारी ठकठक) सांभाळा, स्पार्कचं टायमिंग बघा, आणि घुमट व्हॉल्व्हला लागत नाही ना हे हेड कायमचं आवळण्याआधी पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून तपासा.

रिंगचा गॅप (तिच्या दोन टोकांतली फट) साधारण बोअरच्या हजारात चार, म्हणजे ७४ ला ०.३० मिमी, टर्बोला त्याहून जास्त. कमी ठेवला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड उडते.

यावेळी काकांनी चारही पिस्टन वेगवेगळे मोजले, दोनात ०.०१ चा फरक निघाला, मार्करने डोक्यावर १, २, ३, ४ लिहिलं आणि प्रत्येक भोक ज्याच्या त्याच्या मापाने होन केलं (घासून नेमक्या मापाला आणलं). ब्लॉक परवा आणायचाय.