ताण माणसात शोधायचा की कामात? जपानचे ५७ प्रश्न

ऑगस्ट १९९१ मध्ये जपानच्या देंत्सू या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या तरुणाने आत्महत्या केली. नोकरीला लागून त्याला दीड वर्षही झालं नव्हतं. रात्रभर काम करून पहाटे घरी जायचं आणि सकाळी पुन्हा हजर व्हायचं, असं महिनोन्‌महिने चाललं होतं. वरिष्ठांना हे दिसत होतं. घरी जाऊन झोप, काम उरलं तर सकाळी लवकर येऊन कर, एवढंच ते सांगत. काम मात्र कुणी कमी केलं नाही.

त्याच्या मृत्यूच्या भरपाईसाठी चाललेल्या खटल्यात २४ मार्च २००० रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कामाच्या बोज्याने आणि मानसिक भाराने कामगाराची तब्येत ढासळू नये याची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मुलगा स्वभावानेच अति काटेकोर होता, म्हणून भरपाई कमी करावी, हा मुद्दाही फेटाळला गेला. कामगारांमध्ये सर्वसाधारणपणे जेवढे स्वभावभेद आढळतात, तेवढे मालकाने गृहीत धरायलाच हवेत. माझ्या मते निकालाचा गाभा या दुसऱ्या मुद्द्यात आहे. ‘तो हळवाच होता’ ही नेहमीची पळवाट त्याने अडवली.

डिसेंबर २०१५ पासून जपानमध्ये ५० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत वर्षातून एकदा ताणतपासणी, म्हणजे प्रश्नावली देऊन कामगारांच्या मानसिक ताणाची तपासणी, करणं मालकावर बंधनकारक झालं. सरकारने सुचवलेल्या प्रश्नावलीत ५७ प्रश्न आहेत. पहिले १७ कामाबद्दल आहेत: काम फार आहे का, वेळेत संपतं का, आपल्या गतीने करता येतं का, कामाचा क्रम आणि पद्धत स्वतः ठरवता येते का. पुढचे २९ प्रश्न गेल्या महिन्याभरातल्या शरीर-मनाच्या अवस्थेबद्दल आहेत: चिडचिड, थकवा, झोप, भूक. ९ प्रश्न साहेब, सहकारी आणि घरचे यांच्या आधाराबद्दल, तर उरलेले २ समाधानाबद्दल.

या मांडणीमागे एक जुनं संशोधन आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की नुसतं जास्त काम तेवढं घातक नसतं. काम भरपूर आणि ते कसं, केव्हा करायचं हे ठरवण्याची मुभा मात्र नाही, ही जोडी माणसाला पोखरते. वरिष्ठ आणि सहकाऱ्यांचा आधारही नसेल तर धोका आणखी वाढतो, ही भर पुढच्या संशोधनाने घातली.

प्रत्येक उत्तराला १ ते ४ गुण असतात आणि जास्त गुण म्हणजे जास्त ताण. ‘आपल्या गतीने काम करता येतं’ अशा चांगल्या गोष्टींचे गुण उलटे मोजायचे. इथे घोळ झाला तर सगळा निकाल फिरतो. प्रचलित निकषानुसार २९ प्रश्नांच्या भागात ११६ पैकी ७७ किंवा जास्त गुण आले की ती व्यक्ती ‘अतितणावग्रस्त’ गटात जाते. तिथे ६३ किंवा जास्त असूनही ७७ गाठले नसतील, पण काम आणि आधार या दोन भागांची बेरीज १०४ पैकी ७६ किंवा जास्त असेल, तरीही ती याच गटात येते. हे आजाराचं निदान नव्हे. पुढे विचारपूस करायला हवी, एवढाच त्याचा अर्थ.

निकाल थेट कामगाराच्या हाती जातो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो पाहता येत नाही. तपासणी डॉक्टर, सार्वजनिक आरोग्य परिचारिका किंवा पात्र मानसतज्ज्ञ अशांनी करायची. बढती, बदली किंवा बडतर्फीचा अधिकार असलेल्याने त्यात हात घालायचा नाही. भरलेले कागद साहेबाच्या टेबलावर उघडे जमा झाले, तर पुढच्या वर्षी सगळे ‘ठीक आहे’वर खुणा करणार, हे उघड आहे. तपासणीला बसण्याची सक्तीही कामगारावर नाही.

अतितणावग्रस्त गटातल्या कामगाराने महिन्याभरात अर्ज केला, तर पुढच्या महिन्याभरात त्याला डॉक्टरांची भेट मिळवून देणं मालकाला भाग आहे. ओव्हरटाइम कमी करा, रात्रपाळी बंद करा, जागा बदला, असं डॉक्टर सुचवू शकतात. अर्ज केल्याबद्दल कामगाराचं नुकसान करायला कायद्याने मनाई आहे. पण अर्ज केला की निकाल मालकाला कळवण्यास संमती दिली, असं धरलं जातं. व्यवस्थेची सगळ्यात दुखरी नस हीच. ज्याला मदतीची खरी गरज आहे, त्यालाच आधी आपलं दुखणं मालकापुढे उघडं करावं लागतं. म्हणून निकाल देताना मालकाशी न जोडलेल्या सल्लाकेंद्राचा नंबरही हाती दिला पाहिजे.

या तपासणीचा खरा उपयोग विभागवार विश्लेषणात आहे. एका विभागाची उत्तरं एकत्र करून देशाच्या सरासरीशी ताडतात आणि सरासरी १०० धरतात. समजा, एखाद्या विभागात कामाचा बोजा आणि मुभा यांचा धोका ११० आला आणि आधाराच्या अभावाचा १२०. दोहोंचा गुणाकार करून १०० ने भागलं की १३२ येतात. म्हणजे तिथे काम करणाऱ्यांच्या तब्येतीला सरासरीपेक्षा ३२ टक्के जास्त धोका. अशा वेळी योगवर्ग भरवून भागत नाही. कामं कुणी वाटून द्यायची, मुदती कुणी ठरवायच्या, साहेबाला गाठायचं कधी, हेच बदलावं लागतं. आणि नेमकं हे विश्लेषण बंधनकारक नाही. मालकाने त्यासाठी प्रयत्न करावा, एवढंच कायदा म्हणतो. तपासणी न करणाऱ्या कंपन्यांपेक्षा, दरवर्षी तपासणी करून आकडे कपाटात ठेवणाऱ्या कंपन्यांची मला जास्त काळजी वाटते.

एका कंपनीने नेमून दुसरीकडे कामाला पाठवलेल्यांची तपासणी पाठवणाऱ्या कंपनीने करायची असते. पण ताण तयार होतो तो जिथे काम चालतं तिथे. म्हणून विभागवार विश्लेषणात या माणसांनाही धरावं, असं सरकारी मार्गदर्शन सांगतं. मनुष्यबळ कंपन्यांमार्फत जपानला जाणाऱ्या आपल्याकडच्या इंजिनिअरांनी हे ध्यानात ठेवावं.

२०२५ च्या दुरुस्तीने ५० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही ही तपासणी लागू केली आहे. तयारीसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत आहे. तिथे पहिली अडचण गुप्ततेची असेल. गटात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर कुणी काय लिहिलं हे ओळखता येतं. म्हणून तेवढ्या छोट्या गटाचे आकडे सर्वांच्या संमतीशिवाय मालकाला देत नाहीत. आठ जणांच्या वर्कशॉपमध्ये मग तपासणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावी आणि बोजा, मुभा, आधार यांवर सगळ्यांनी एकत्र बसून बोलावं. तिथे कुणाचं दुखणं विचारायचं नाही, काम कुठे अडतं तेवढंच विचारायचं.